ह्यांचा हेल

३ मार्च

चि. भाऊस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे भावोजी दवाखान्यातून घरी आले. मेंदूचा झटका हलका होता. चालतात, जेवतात, शर्टाची बटणं आपली आपण लावतात. बोलणं मात्र सपाट झालंय. शब्द सगळे जागेवर आहेत, चढ-उतार गेला. जन्मभर बाजारात लिलाव पुकारलेला माणूस, पण पाणी मागतात आणि कोणी गेल्याची बातमी सांगतात ती एकाच आवाजात.

काल म्हणाले, भाजी फक्कड झालीय. तीस वर्षं हे वाक्य ऐकतेय. स्तुती की टोमणा, ते हेलावरून कळायचं. काल कळलं नाही. मी आपली खूश झाले, आणि खाऊन बघते तर भाजी अळणी. थट्टा फुकट गेली म्हणून स्वारी भिंतीकडे तोंड करून निजली आणि मी ओट्याशी रडले. मला माझा थट्टेखोर नवरा परत हवाय. डॉक्टर म्हणतात, सराव केला तर येईल. तू पियानोच्या तारा पिळतोस, तर काहीतरी सुचव.

जेवणाची हेळसांड करू नकोस.

तुझी ताई

१२ मार्च

ती. ताईस शिरसाष्टांग नमस्कार.

सोबत बारा वाक्यं पाठवतोय, सगळी भावोजींच्या आवडीची. प्रत्येक वाक्य मोठ्यानं म्हटलं, त्याचे सूर पियानोवर शोधले आणि अक्षरांच्या डोक्यावर रेघ काढली. रेघ चढली की आवाज चढवायचा, उतरली की उतरवायचा. ज्या बाईंचा पियानो जुळवत होतो त्या दोनदा दारात येऊन बघून गेल्या. एका वाक्यातलं 'आळशी' मी त्यांच्या पियानोला का म्हणतोय, हे त्यांना कळेना.

टोमणा जमला की पहिला मला पोचवावा. आहे तो लोभ वाढवावा.

तुझा भाऊ

२९ मार्च

चि. भाऊस आशीर्वाद.

स्वारीनं रेघेवर बोट ठेवून बाराही वाक्यं घोटली. एक सूर इकडचा तिकडे नाही. पण गाढवा, रेघा तू स्वतःच्या बोलण्यावरून काढल्यास. ह्यांच्या तोंडून आता तू बोलतोस. काल माझ्या केसांवरून चिडवलं, तर तुझा कान पिळायच्या सवयीनं माझा हात त्यांच्या कानाकडे गेला. नवऱ्याच्या खुर्चीत धाकटा भाऊ बसलाय. हसू येतं, आणि मग त्यांच्याकडे बघवत नाही. ह्यांचा स्वतःचा हेल कुठून आणू? आवाज टेप करून ठेवायचं कधी सुचलंच नाही.

रागावू नकोस, मेहनत पोचली.

तुझी ताई

५ एप्रिल

ती. ताईस शि. सा. न.

चूक कबूल. पण टेप कशाला हवी? त्यांच्या पाठीमागे तीस वर्षं त्यांची नक्कल कोण करतंय? मी हसून हसून खुर्चीवरून पडलोय. तीच त्यांच्यासमोर कर. लाजशील, माहीत आहे. तरी कर.

मायेत कमी नसावी.

तुझा भाऊ

१४ एप्रिल

चि. भाऊस पोटभर आशीर्वाद.

केली बाबा. जेवणं झाल्यावर ह्यांची टोपी घातली, चष्मा नाकावर ओढला आणि ह्यांच्यासारखी मलाच चिडवायला लागले. कानशिलं तापली होती. स्वारी ढिम्म. सपाट आवाजात म्हणाले, परत कर. केली. असं पाच वेळा झालं.

पाचव्यांदा चमचा आपटला. म्हणाले, असं बावळटासारखं मी जन्मात बोललेलो नाही, शेवट ओढायचा नसतो, तोडायचा असतो. आणि कसा तोडायचा ते म्हणून दाखवलं. रेघ नाही, तू नाही, भाऊ, माझा नवरा बोलला. मग ही नक्कल कधीपासून चालू आहे, कोणाकोणासमोर झाली, अशी पाव तास खरडपट्टी काढली. आवाज वर जात होता, खाली येत होता. मी टोपी घालून ऐकत बसले.

बाकीची वाक्यं अजून सपाटच आहेत. पण मी नक्कल चुकवली की ह्यांना राहवत नाही, सुधारून दाखवतात. रोज एखादं वाक्य सुटतंय. आज दुपारीही मी चुकले, संध्याकाळीही चुकणार आहे. नीट शिकायचंच नाही, असं मी ठरवलंय.

तुझी ताई