आरोही अर्धलीनं दिलेली नाही

आणि वर म्हणता, "माऊली, तू उगंच जळतो बे." हो दादा, जळतो. तुम्ही शाळेत होता तेव्हा मेंढरांमागं मी होतो. ते सोडलं. आता पोरगीबी तुमचीच का?

म्हणून मी, माऊली राधाकिशन शिंगाडे, वय तीस, शिक्षण सहावी, राहणार चकलांबा, ता. गेवराई, जि. बीड, हल्ली कामासाठी भुजजवळ, डोकं ठिकाणावर असताना, दारूचा थेंब न घेता, कुणी न शिकवता हे मृत्युपत्र स्वतःच्या हातानं लिहितो. काम पवनचक्कीवर बोल्ट आवळायचं. मागल्या महिन्यात जोडीदार बंकटचा दोर सुटला. वाचला. पण तेव्हापासून झोप नाही.

हे पर्स्पिक्युइटीनं लिहिलंय. शब्द दादांचा. माझी लेक आरोही, वय नऊ, इंग्रजी शाळेसाठी आष्टीला थोरले बंधू शिवशंकर यांच्या घरी राहते. मागल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर म्हणाली,

"पप्पा, काका म्हणले माझ्या निबंधात पर्स्पिक्युइटी हाय. म्हंजी काय, वळखा!"

"चांगलंच असंल की."

"न्हाई येत तुमाला! काकाला समदं येतंय."

मागून सत्यशीलावहिनी हसल्या. "राहू दे गं, पप्पा दमलेत."

मी दमलो नव्हतो.

दुसऱ्या दिवशी इंजिनिअर साहेबांना विचारलं. अर्थ असा: लिहिणं-बोलणं इतकं साफ, की एकदा वाचून एकच अर्थ लागावा. पाण्याला, काचेला हा शब्द लावत नाहीत. "या कागदात पर्स्पिक्युइटी आहे," असं म्हणायचं. आरोहीला हे माझं नाव घेऊन सांगावं.

१. चकलांब्याच्या दोन खोल्या आणि विम्याचे पैसे पत्नी सुकन्या हिला. दादांनी तिच्या वतीनं सहीसाठी पुढं होऊ नये.

२. माझे पाने आणि सेफ्टी बेल्ट बंकटला. बेल्ट नवा आहे, खुंटीला लावून ठेवू नये.

३. दादांच्या मळ्यात माझ्या चार शेळ्या अर्धलीनं आहेत. राखणं त्यांचं, पिल्लं निम्मी-निम्मी. बोली तोंडी झाली, साफ झाली नाही, दर वेताला चांगली पाट, म्हंजी मादी पिल्लू, त्यांच्याच वाटणीला गेली. जाऊ द्या. चारही शेळ्या पिल्लांसकट दादांना.

४. आरोही अर्धलीनं दिलेली नाही. शिकायला ठेवली आहे. तुम्ही जेवू घातलं, शिकवलं, ते उपकार मानतो. पण उपकाराची वाटणी होत नाही. वहिनींनी दत्तकाची गोष्ट आमच्या आई गीताबाईपाशी काढली, ती माझ्यापर्यंत आली. तुम्हाला लेकरू नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं. तरी माझ्यामागं आरोहीचा सांभाळ तिच्या आईकडंच. परीक्षा झाली की ती चकलांब्याला येईल.

साक्षीदार: रामप्रसाद (सही), सुंदरराव मुकादम (सही)
लिहून देणार: माऊली राधाकिशन शिंगाडे (सही)
ठिकाण: भुज. ता. १२ फेब्रुवारी २०२५

ता. क. दादा, तिची यंदाची फी तुम्ही मला न विचारता भरली. वहिनी म्हणाल्या, निम्मी दिली तरी चालंल. पूर्ण पाठवतोय: रुपये अठरा हजार चारशे.