हिरवं दाखवल्याशिवाय निघायचं नाही

वुडलँड्स, सिंगापूर
१४ मे २००६

प्रिय सुचित्राआत्या,
सविनय जय भीम. वि. वि.

माझं पत्र बघून दचकू नकोस, सगळे ठणठणीत आहेत. बेडरूमच्या फोनवर बोललेलं हॉलच्या फोनवर ऐकू येतं आणि त्या फोनशेजारच्या खुर्चीत तुझे बाबा, म्हणून ही वेळ आली. आठवीपर्यंत माझ्या वहीत जशी लाल शाई ओतलीस तशी इथेही ओत, पण आधी शेवटपर्यंत वाच.

परवा आजोबा अंघोळीला गेले तेव्हा तू आईला फोनवर सांगत होतीस ना, की ऐकू न येणाऱ्या मुलांना शिकवायच्या म्हैसूरच्या कोर्सला तुझा नंबर लागलाय आणि दहा जुलैपर्यंत हो-नाही कळवायचंय. मी बेडरूमच्या फोनवरून सगळं ऐकलं. तू नाही कळवणार हेही ऐकलं, कारण आजोबांना वर्षभर अजनीत एकटं सोडून तू जाणार नाहीस. म्हणजे आजोबा वर्षभर इथे राहिले की तू सुटलीस. बाबा त्यांचा इथे राहायचा पास काढायला एका पायावर तयार आहेत. आजोबांना तयार करायचं काम मी घेतलं.

काम अवघड आहे, खोटं कशाला बोलू. आल्याच्या दुसऱ्या दिवशीच त्यांनी बॅग परत भरून दाराशी ठेवली. आम्ही रोज तिला ठेचकाळतो. दिवसभर अकराव्या मजल्याच्या खिडकीतून एमआरटी, म्हणजे इथली मेट्रो, बघतात आणि तिच्यावर चिडतात. अख्खी नोकरी मालगाडीच्या शेवटच्या डब्यात गार्ड म्हणून काढलेला माणूस, त्याला या गाडीच्या शेपटाला कोणीच उभं दिसत नाही. म्हणे गार्ड नाही ती गाडी नाही, ती आडवी लिफ्ट. त्यात आमच्या धाकट्या इराने, इथल्या पोरांसारखं शेवटी लाह लावून, सांगितलं की आजोबा, पर्पल लाइनला तर ड्रायव्हरपण नाही लाह. त्या दिवशी ते अर्धीच पोळी जेवले. आणि रात्री झोपत नाहीत, कारण पलंग हलत नाही.

म्हणून मी पलंगच हलवणार आहे. बाबांच्या ऑफिसातले हेमचंद्रकाका पुलापलीकडे मलेशियात जोहोरला राहतात. त्यांच्याकडे जुनी कॅरव्हॅन आहे, म्हणजे मोठ्या व्हॅनच्या पोटात घर. बर्थ, शेगडी, सिंक, सगळं. इराला जूनची सुट्टी लागली की ती घेऊन मलेशियाच्या पूर्व किनाऱ्याने वर जायचं. बाबांना मी सांगितलं ही आईची इच्छा आहे, आईला सांगितलं ही बाबांची. दोघंही एकमेकांवर खूश आहेत. मागची बर्थ, मागे बघणारी खिडकी, आजोबांची.

तू बॅग भरायला घे. माझ्यावरचा लोभ मार्कांमध्ये दाखवता आला नाही तुला, आता पत्रात दाखव.

तुझा एकुलता एक भाचा,
सौमित्र

अजनी, नागपूर
२४ मे २००६

चि. सौमित्र,
अ. उ. आ. आणि जय भीम.

पत्र पोचलं. शुद्धलेखनाच्या चुका मोजायला बसले असते तर कुकर लावायचा राहिला असता. चोरून फोन ऐकणं तुमच्या मोटार मेकॅनिकच्या कोर्सला शिकवतात का, ते दादाला विचारणार आहे. आणि एकुलता एक भाचा म्हणे. शब्द बरोबर आहे, आहेस तू एकच, हे मात्र आमच्या शाळेचं नशीब.

आता खरं सांगते. मला जायचंय. हे मी घरात कोणाजवळ बोलले नाही आणि तुझ्याजवळ बोलतेय, यावरून माझी काय गत झालीये ते ओळख. माझ्या वर्गात चंद्रशेखर नावाचा मुलगा आलाय. पहिल्या बाकावर बसून माझे ओठ बघतो. मी फळ्याकडे वळले की त्याचा तास संपतो. त्याला कसं शिकवायचं ते मला येत नाही, आणि रोज घरी येताना तेच डोक्यात असतं.

पण बाबांना यातलं अक्षर कळू द्यायचं नाही. कळलं तर ते तिथल्या तिथे जा म्हणतील, आणि अजनीला येऊन वर्षभर चहा-टोस्टवर काढतील. ते तिथे राहिले तर त्यांच्या मनाने राहिले पाहिजेत. नाहीतर मी नाही कळवून मोकळी होईन.

एक लक्षात ठेव. सिंगापूरची तारीफ करू नकोस, तारीफ ऐकली की ते तोंड मिटतात. त्यांना काम दे. इथे ऑटोत बसायच्या आधीसुद्धा ते मागे जाऊन चक्कर मारून येतात. ऑटोवाले विचारतात, काहून बाबाजी, मालगाडी घेऊन निघाले का.

आणि खोडी एकही नको. शाळेच्या घंटेच्या लोळ्याला मोजा घालून अख्ख्या शाळेची मधली सुट्टी बुडवणारा तूच होतास, हे मी विसरले नाही, आणि शिपाईही विसरला नाही. वहिनीला नमस्कार, इराला आशीर्वाद. दादाला सांग, गाडी हळू.

तुझ्यावर लोभ आहे, भरवसा अजून बसायचाय,
सुचित्राआत्या

चेराटिंग, मलेशिया
८ जून २००६

प्रिय आत्या,
सविनय जय भीम. वि. वि.

हे पत्र समुद्राकाठी बसून, मांडीवर पोळपाट घेऊन लिहितोय. वाईट बातमी आधी की चांगली, तेच कळत नाही, म्हणून जसं झालं तसं सांगतो.

सुरुवात बांबूपासून. सिंगापुरात फ्लॅटवाले खिडकीबाहेर बांबू काढून त्यावर कपडे वाळवतात, तू फोटोत बघितलंयस. आईला त्याची इतकी सवय झालीये की ती घरचा बांबू सोबत घेऊन निघाली. जोहोरला जायच्या बसमध्ये बांबू, इमिग्रेशनच्या लायनीत बांबू. ऑफिसरने विचारलं हे काय. आजोबांनी हिंदीत सांगितलं की झेंड्याचा दांडा आहे. तेव्हा आम्ही हसलो.

मर्सिंगला पहिला मुक्काम झाला. सकाळी आईने कॅरव्हॅनच्या खिडकीतून बांबू बाहेर काढून धुणं वाळत घातलं. मग चहा झाला, भांडणं झाली, बाबांनी गाडी सुरू केली आणि बांबू आत घ्यायचा राहिला. कोणाच्या लक्षात नाही. लागलो ना बाजाराच्या रस्त्याला. एका मावशीच्या दुकानात केरोपोकची पाकिटं टांगलेली होती, केरोपोक म्हणजे माशाचे पापड समज. आमच्या बांबूने ती अख्खी माळ उचलली आणि बदल्यात बाबांची ऑफिसची पँट तिथे टाकली. ती मावशी स्कूटरवरून पँट फडकावत आमच्या मागे. बाबांना वाटलं ओव्हरटेक करतेय, त्यांनी सभ्यपणे बाजू दिली. शेवटी आईने लाजेने तिची सगळी पाकिटं विकत घेतली. तेव्हापासून आम्ही केरोपोकची भाजी, केरोपोकची आमटी असं खातोय.

पण आत्या, गंमत पुढे आहे. गाडीत बसल्यापासून आजोबांनी कशातच लक्ष घातलं नव्हतं. ते उठले, खाली उतरले, गाडीभोवती पूर्ण चक्कर मारली आणि बाबांना म्हणाले की प्रमोद, या गाडीला गार्ड नाही. मला तुझं पत्र आठवलं. मी लगेच म्हटलं, मग तुम्हीच व्हा. इराचा शाळेतला हिरवा टी-शर्ट आणला, माझी फुटबॉलची लाल जर्सी आणली, दोन्ही त्यांच्या हातात दिली. त्यांनी झटकून बघितली, रंग पक्का आहे का ते विचारलं, आणि कायदा सांगितला. त्यांनी मागून हिरवं दाखवल्याशिवाय गाडी हलणार नाही. त्या रात्री ते घोरले. इतके घोरले की आई-बाबा बाहेर वाळूत जाऊन झोपले.

इथेच मी थांबायला पाहिजे होतं. तू लिहिलं होतंस खोडी नको. पण सगळं इतकं छान चाललं होतं की माझे हात शिवशिवले. काल एका पेट्रोल पंपावर आजोबा टॉयलेटला गेले. मी त्यांची टोपी घातली, मागे उभा राहिलो आणि आरशात दिसेल असा हिरवा टी-शर्ट हलवला. बाबांनी गाडी चार हात पुढे घेतली की लाल दाखवायचं, हसायचं, संपलं. मी मागच्या दाराने आत उडी मारली आणि लाल जर्सी शोधतोय तर सापडेना. ती आजोबा सोबत घेऊन गेले होते. गार्ड झेंडा मागे ठेवून जात नाही म्हणे, हे मला नंतर कळलं.

बाबांचा आता हिरव्यावर इतका विश्वास बसलाय की ते सुसाट निघाले. ड्रायव्हरची केबिन वेगळी, आईही तिथेच, मध्ये पत्रा. मी पत्रा बडवतोय, इरा बडवतेय, आणि त्या गाडीत आधीच सगळी भांडी बडवत असतात. पुढे सिग्नल लागून गाडी थांबली तेव्हा मी उतरून धावलो आणि खिडकीत तोंड घालून सांगितलं. बाबांनी तिथल्या तिथे गाडी वळवली. परत जाताना मला एवढंच दिसत होतं की आजोबा बॅग घेऊन विमानात बसतायत, आणि तू वर्गात फळ्याकडे वळतेयस.

पंपाच्या अलीकडेच रस्त्यात ट्रकांची रांग. पामतेलाचे टँकर, लाकडाचे ट्रक. रांगेच्या तोंडाशी तुझे बाबा, लाल जर्सी आडवी धरून. गाडी तुटून पुढे गेली की गार्डाने मागून येणारी वाहतूक रोखायची, हा नियम. त्यांनी पाळला. ट्रकवाले उतरून आधी भांडायला आले असणार, पण त्यातल्या एकाला मोडकंतोडकं हिंदी येत होतं, आणि आम्ही पोचलो तेव्हा कोणीतरी आजोबांना दूध घातलेला चहा आणून दिलेला, आणि ते त्या सगळ्यांना हाताने दाखवत होते की मालगाडी घाटात कशी तुटते. आत्या, ते हसत होते. मी त्यांना असं हसताना कधी पाहिलं नव्हतं. आम्ही आलेलो बघून त्यांनी जर्सीची घडी केली आणि ट्रकांना जायला हिरवं दाखवायचं म्हणून इराकडे हात पुढे केला.

मग विचारलं हिरवं कोणी दाखवलं. मी म्हटलं मी. त्यांनी मला शिक्षा दिलीये, कालपासून मी असिस्टंट गार्ड. प्रत्येक मुक्कामाला गाडीखाली सरपटत जाऊन चाकं तपासायची, आणि मगच जेवायचं. आजही तपासली, पाठीत वाळू गेलीये.

पण राहणार की जाणार ते बोलले नाहीत. दोनदा आडून विचारलं, दोन्ही वेळा मला चाकं बघायला पाठवलं. मी माझ्याकडून माती केली असेल तर आत्ताच सांगून ठेवतो, शाळेच्या घंटेपेक्षा याचं जास्त वाईट वाटतंय. लोभ ठेव, कान पकडायला नागपूरला येईन.

तुझा असिस्टंट,
सौमित्र

वुडलँड्स, सिंगापूर
१४ जून २००६

चि. सुचित्रा हिस,
अनेक आशीर्वाद. जय भीम.

मला पत्र लिहिण्याची सवय नाही, हे तुला माहीत आहे. फोनवर मी मोठ्याने बोलतो, मग इकडचा मजला आणि तिकडची कॉलनी दोन्ही ऐकतात. म्हणून लिहितो.

सौमित्रने समुद्राकाठी एका बैठकीत चार पानं लिहिली. या मुलाने परीक्षेत कधी एक पुरवणी घेतली नाही. मला संशय आला. गाडीखाली चाकं पाहायला आत शिरला तेव्हा मी बाहेर उभा राहून विचारलं. गाडीखालून माणसाला पळता येत नाही. त्याने म्हैसूरचं सगळं सांगितलं.

माय, तू मला विचारायला हवं होतंस. गार्डाच्या ब्रेकव्हॅनमध्ये रात्र रात्र मी एकटा होतो, शेगडीवर माझी भाकरी मीच भाजली. तू समजलीस मी टोस्ट खाऊन मरेन. त्याचा थोडा राग आला. तो चहा पिईपर्यंत टिकला.

मी इथे राहतो आहे. तुझ्यासाठी राहतो असं समजू नको. प्रमोद चांगला मुलगा आहे, पण तो मागे न पाहता गाडी काढतो. सूनबाई बांबू विसरते. पोरगी लहान आहे, आणि पोराला तर तू ओळखतेस. पुढच्या सुट्टीत उत्तरेला जायचं ठरलं आहे. एवढ्या लोकांना गार्डाशिवाय सोडता येत नाही. पासाचे कागद प्रमोद उद्या देतो आहे.

त्या तुझ्या वर्गातल्या मुलाबद्दल पोराने सांगितलं. धावत्या मालगाडीत ड्रायव्हर आणि गार्ड एकमेकांशी बोलू शकत नाहीत, मध्ये सगळे डबे असतात. आम्ही हाताने बोलायचो. आयुष्यात कधी गैरसमज झाला नाही. तुलाही जमेल.

सोबत इराचा हिरवा टी-शर्ट पाठवत आहे. तिच्या परवानगीने. घराला कुलूप लावलंस की एकदा मागे चक्कर मार, गॅस पाहा, नळ पाहा. मग निघ.

लोभ आहे, तो लिहून दाखवत नाही.

तुझे बाबा,
मनोहर

ता. क. आत्या, पत्र पोस्टात टाकायला माझ्याकडे दिलंय म्हणून खाली घुसलो. दाराशी ठेवलेली बॅग आज रिकामी झाली. आईने तिच्यात उरलेलं सगळं केरोपोक भरलंय आणि म्हैसूरच्या पत्त्यावर पाठवायचं म्हणतेय. पत्ता लवकर कळव, नाहीतर ते आम्हालाच खावं लागेल. सौ.