जोडावरची रेघ

सर, काल पिटमध्ये तुम्ही हवे होतात. पिट म्हणजे शर्यतीच्या ट्रॅकला लागून असलेली जागा, जिथे गाड्या खोलतात, जोडतात आणि पोरं उभ्याउभ्याच वडापाव खातात. रत्नागिरीबाहेरच्या सड्यावर, त्या उघड्या कातळाच्या माळावर, गो-कार्टचा ट्रॅक झालाय आणि कॉलेजच्या मुलांनी स्वतः बांधलेल्या गाड्यांची स्पर्धा यंदा तिथेच होती. छप्पर नाही, दारं नाहीत, नळ्यांच्या सांगाड्याला चार चाकं. तुम्ही नक्की विचारलं असतंत, ही गाडी की खाट? मी पॉलिटेक्निकमध्ये वर्कशॉप शिकवते, म्हणून मुलांबरोबर होते. मोठ्या शहरांतल्या कॉलेजांचे छापील तंबू, आणि आमचा मांडववाल्याकडून आणलेला, लग्नाची झालर तशीच लोंबणारी. पण पहिल्या फेरीत आमची गाडी तिसरी आली. अंतिम शर्यत तिसऱ्या जागेवरून सुटायची होती, बक्षीस हातातोंडाशी होतं, आणि गणपतीनंतर या मुलांनी एक रविवार घरी काढला नव्हता.

गाडीचं सगळं वेल्डिंग एका मुलीने केलंय. लांज्याच्या आतल्या गावातली आहे, वडील मुंबईला असतात. शर्यतीला थोडाच वेळ उरलाय आणि ही बसलीय स्टीअरिंगच्या जोडाला रॉकेल लावत. लावलं, पुसलं, वर खडूची पूड फासली. चीर असेल तर आत मुरलेलं रॉकेल खडू भिजवतं आणि रेघ दिसते. हे तिला मी शिकवलं आणि मला तुम्ही.

आपल्या आयटीआयच्या शेडमध्ये वेल्डिंगला मी एकटीच मुलगी होते. माझ्या पहिल्या स्टुलाला तुम्ही असाच खडू फासलात. रेघ उमटली. काय दिसतंय, विचारलंत. मी म्हटलं, थोडंसंच आहे सर. "थोडंसं म्हणजे किती गो? बस बघू त्याच्यावर." मी बसले नाही. सगळा जोड घासून काढायला लावलात आणि वर म्हणालात, आपल्या जोडाची खोट दुसऱ्याने दाखवायच्या आधी आपण सांगायची. मी रडले, तुम्हाला मनातल्या मनात काय काय बोलले. दुसऱ्या दिवशी तुम्ही माझ्यापुढे चामड्याचे हातमोजे टाकलेत. शेडमधले सगळे मोजे पुरुषांच्या मापाचे. हे तुम्ही बाजारातल्या चांभाराकडून उसवून माझ्या हाताएवढे शिवून आणले होते. त्याबद्दल एक शब्द बोलला नाहीत, मीही आभार मानले नाहीत.

काल खडूवर रेघ उमटली. केसाएवढी. मुलगी उठली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "मॅडम, गाडी नका सोडू. माज्या जोडाला चीर गेलीय."

गाडी चालवणारा मुलगा हेल्मेट घालून तयार होता. तो म्हणाला, "रंग उडाला आसंल गो तिथला. आता खोललंस तर पुन्हा तपासणी, मग शेवटून सुटायला लागंल."

"शेवटून सूट. पण सुटशील तरी."

तो हेल्मेट काढून स्वतःच पाना घेऊन खाली बसला. तिने रंग खरवडला, चीर घासून काढली, नवा जोड भरला. तपासणी पुन्हा झाली आणि आमची गाडी सगळ्यांच्या मागून सुटली. नववी आली, सर. बक्षीस नाही, फोटो नाही. तरी पोरं नाचली आणि मला फार अभिमान वाटला. तुमची विद्या माझ्यापाशी थांबली नाही, पुढे गेली.

संध्याकाळी परीक्षक मुद्दाम आमच्या मांडवात आले आणि म्हणाले, बाई, मुलीला काय घडवलंय तुम्ही. तुम्ही आता नाही, हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून लिहिते. तिने खडू फासला तेव्हा मी तिच्या मागेच उभी होते. ती रेघ तिच्याआधी मला दिसली होती, आणि तिसऱ्या जागेकडे बघून मी गप्प बसले होते. परीक्षकांची शाबासकी मात्र मी हसून घेतली.