साडेदहाची होडी

आई,

तू मंदिरातून येईपर्यंत मी पलूसला गाडीत डिझेल भरून येतो. येत न्हाई म्हणलीस म्हणून काल तुझ्यावर उगाच चिडलो. डॉल्फिन बघायला सकाळी सातची होडी ठरवताना, दिवस उगवल्याशिवाय तू पाण्याचा घोटबी घेत न्हाईस, हेच विसरलो. आता साडेदहाची सांगितलीया. उद्या पाचला निघू. आंबा घाटात पोचेपर्यंत दिवस उगवंल, तिथं गाडी थांबवून निवांत चहा घे. पाणी गाळून बाटल्या भरून ठेवल्यात. आणि त्या होडीत मासे धरत न्हाईत, नुसतं बघत्यात. मी फोन करून विचारलंय.

आण्णा गेले तरी पुढची सीट त्यांची म्हणून तू अजून मागंच बसतीस. उद्या पुढं बस. समुद्र आधी तुला दिसू दे.

भरतेश