क्लच प्लेटांवरच्या तीन रेघा

मी, ईश्वरप्पा रामलिंग हुडे, वय ७४, शिक्षण सातवी नापास, धंदा बैलांचा साज विकणे, राहणार देवणी, जिल्हा लातूर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. कोणाच्या धाकाने नाही आणि कोणाच्या गोड बोलण्यानेही नाही. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला घेतला आहे. त्याच्या दोन प्रती दोन ठिकाणी ठेवल्या आहेत. पत्नीला त्यातले एकच ठिकाण माहीत आहे.

१. दोन वर्षांपूर्वीचे माझे मृत्युपत्र मी रद्द करीत आहे. त्यात मुलगा श्रीशैल याला काहीही देऊ नये असे लिहिले होते. कारण कलम ४ मध्ये येईल.

२. राहते घर पत्नी रत्नम्मा हिच्या हयातीपर्यंत तिचे. तिच्यामागे श्रीशैल आणि मुलगी मंजुश्री यांना निम्मे निम्मे. पूर्वेकडची भिंत माझी आहे. शेजारी दर दिवाळीला रंग देताना चार बोटे इकडे सरकतो. रंग दिला म्हणून भिंत त्याची होत नाही. माझ्याजवळ फोटो आहेत.

३. दुकानातली दावी, कासरे, म्होरक्या, घुंगरमाळा सर्व मंजुश्रीला. जावई चांगला माणूस आहे. इतका चांगला का आहे हे मला अजून कळले नाही, म्हणून दुकानाची किल्ली तिने स्वतःजवळच ठेवावी.

४. मोटरसायकल. ही १९८८ साली घेतली. हिच्यावर साजाची गाठोडी बांधून मी जळकोट, उदगीर, देगलूर सगळे बैलबाजार केले. याआधीच्या क्लच प्लेटा घातल्या तेव्हा प्रत्येक प्लेटच्या कानावर, म्हणजे कडेच्या दात्यावर, मी कानशीने तीन आडव्या रेघा ओढल्या, कपाळावर विभूती ओढतो तशा. गॅरेजवाले चांगल्या प्लेटा काढून जुन्या घालतात, म्हणून खूण हवी.

श्रीशैल नांदेडला ऑटो चालवतो. २०२२ च्या बसव जयंतीला ऑटो बंद पडला म्हणून त्याने मोटरसायकल आठ दिवस नेली. परत आणली ती धुऊन पुसून. तेव्हाच मला शंका आली. एवढे धुतो तो काहीतरी लपवतो. पुन्हा कोणी नेऊ नये म्हणून मी त्याच दिवशी क्लचची तार ओढून घट्ट केली. अनोळखी हाताला गाडी जागची हलवता येऊ नये, हा हिशेब.

दोन महिन्यांत गाडी उदगीर रस्त्याच्या चढावर दम टाकू लागली. इंजिन ओरडायचे, चाक पुढे सरकायचे नाही. दिवाळीला श्रीशैल जेवायला बसला तेव्हा मी विचारले, "प्लेटा कुठं विकल्यास?"

"अप्पा, मी झाकणाचा एक स्क्रूसुद्धा फिरवला न्हाई."

"मग गाडी चढ का चढून न्हाई राहिली?"

"मला काय म्हाईत? एकदा कुणावर भरोसा ठेवून बघा. गाडी बी चढंल."

तो ताटावरून उठला. त्यानंतर दोन दिवाळ्या आला नाही. मी ते पहिले मृत्युपत्र त्याच आठवड्यात लिहिले.

गेल्या महिन्यात पुरावा हाती असावा म्हणून लिंबाजी मिस्त्रीला अंगणात बोलावून क्लच उघडला. त्याची पिशवी मी आधी तपासली. त्याने लिव्हर हलवून पाहिले आणि म्हणाला, "काका, तार कुणी ताणली एवढी?"

"तू प्लेटा काढ. तारेचं मला सांगू नको."

त्याने ऑइल काढले. त्याला जळका वास होता. किक काढली, झाकण काढले, स्प्रिंगा सोडल्या आणि एकेक प्लेट रत्नम्माच्या जुन्या लुगड्यावर मांडली. लोखंडी प्लेटा निळ्या पडल्या होत्या, बाकीच्या घासून गुळगुळीत. मी भिंग लावून सगळ्यांचे कान पाहिले. एकूण एक प्लेटवर तीन रेघा होत्या. पुन्हा पाहिले. माझ्याच रेघा.

लिंबाजी म्हणाला, "तारेला ढिल न्हाई म्हणजे क्लच कायम थोडा दाबलेलाच. घसरून घसरून प्लेटा मरणारच की. कुणी बदलल्या न्हाईत, ह्या तारेनं खाल्ल्या."

रत्नम्मा तूर निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तार ह्यांनीच वढली. मी बघितलं."

"हाव का काका?"

मी प्लेटा गोळा करून डब्यात भरल्या. लिंबाजीची पिशवी जाताना पुन्हा तपासायची होती, ती राहिली.

नव्या प्लेटा घातल्या आहेत. त्यांच्यावरही तीन रेघा आहेत. तारेला लिव्हरपाशी रुपयाच्या नाण्याच्या जाडीइतकी ढिल लिंबाजीने ठेवली. दुसऱ्या दिवशी मी पाना घेऊन ती काढायला गेलो होतो. तशीच ठेवून परत आलो.

तरी ही मोटरसायकल माझा मुलगा श्रीशैल याला द्यावी. जळक्या प्लेटा बिस्किटाच्या डब्यात आहेत, त्या कोणी भंगारात घालू नयेत. त्याने आधी त्या पाहाव्यात, रेघा मोजाव्यात. गाडी न धुता वापरली तरी चालेल.

५. मृत्युपत्र मेल्यावर वाचतात. पण कलम ४ ची नक्कल मंजुश्रीने नांदेडला नेऊन त्याला आत्ताच वाचून दाखवावी. मी फोन करणार नाही. फोनवर समोरचा कसा चेहरा करतो ते दिसत नाही. येत्या बसव जयंतीला मी घरीच आहे.

साक्षीदार दोन. दोघांनाही यातून काही मिळत नाही, म्हणूनच घेतले. दोघांनी माझ्यासमोर आणि मी त्यांच्यासमोर सही केली आहे. पेन माझे होते.

१) लिंबाजी केरबा सूर्यवंशी, मिस्त्री, देवणी (सही)
२) गुरुपादप्पा शिवलिंग मठपती, देवणी (सही)

ठिकाण: देवणी
दिनांक: २० जानेवारी २०२५
ईश्वरप्पा रामलिंग हुडे (सही)

खाडाखोड: एक. कलम ४ च्या शेवटच्या परिच्छेदात, जुन्या कागदावरून उतरवताना श्रीशैलच्या नावाआधी 'चोर' असे आले होते. ते खोडून वर 'माझा मुलगा' असे लिहिले आहे. ही खाडाखोड माझ्याच हातची आहे, दुसऱ्या कोणाची नाही.