चिवड्याचा उरलेला डोळा

१८ ऑगस्ट, सोमवार

डोळा काढला. डावा. अकोल्याच्या डॉक्टरांनी आतून निघालेली काडी बशीत ठेवून दाखवली — सोयाबीनच्या शेंगेचं टोक, सुईसारखं. "हे आत गेलं कसं?" म्हणाले. मला काय माहीत!

स्नेहा तिकडे वसतिगृहात आणि तिच्या गिनीपिगचं इकडे हे असं. जाताना बजावून गेली होती, "आई, चिवड्याले काही झालं तं मी बोलनार नाही तुह्याशी." पांढरा, पिवळा, काळा, म्हणून चिवडा. शनिवारी तिची परीक्षा आहे. तोवर कळवायचं नाही.

परतताना टोपली मांडीवर. बसमधली बाई म्हणे, "कोंबडं आहे का?" हो म्हटलं. आसेगावपर्यंत कोण समजावत बसणार!

१९ ऑगस्ट

दुखण्याचं औषध सकाळ-संध्याकाळ, सिरिंजनं तोंडात. उजव्या डोळ्यालाही ओरखडा आहे, त्यात थेंब, दिवसातून चार वेळा. हा डोळा राखायचाच. नाहीतर जनावर ठार आंधळं होईल. आणि उपाशी ठेवायचं नाही. दिवसभर पोटात काही गेलं नाही तर मरतं म्हणे.

वजन नवजात बाळांच्या काट्यावर केलं. आशा सेविका म्हणून मिळालेला काटा, कपाटात लटकून तरी काय करतो! झोळीत घालून टांगला. ८४० ग्रॅम. पाय झाडत होता.

२० ऑगस्ट

काडीचा उलगडा झाला. पिंजरा झाडायला घेतला तर खाली गवत नाहीच — सोयाबीनचं कुटार, मळणीतला भुसा! गाय विकून वर्ष झालं, एक पोतं पडवीत तसंच पडलेलं. गवत संपलं म्हणून मामाजींनी ते अंथरलं.

"निवडून टाकलं वं मी," सासरे मलाच सांगतात. "घंटाभर बसलो. एक एक काडी काढली."

कुटारात शेंगांची टोकं, तुऱ्हाटीचे तुकडे. वर एक बाभळीचा काटा. हे निवडलेलं! ज्या माणसानं चाळीस वर्षं बैलांपुढे कुटार साफ करून टाकलं, तो असं धडधडीत खोटं बोलतो. दोन दिवस त्यांच्याशी बोलणार नाही.

२१ ऑगस्ट

७९०. कोथिंबीर हुंगतो आणि तोंड फिरवतो. पालकाचा पातळ लगदा सिरिंजनं भरवला. अर्धा माझ्या पदरावर.

२२ ऑगस्ट

मोतीबिंदूच्या शिबिराची यादी सुरू केली. आज बारा घरं. माणूस ओट्यावर बसवायचा, आपण दहा पावलांवर उभं राहायचं, बोटं दाखवायची — किती? गंगू आजी म्हणे, "तुही बोटंच काडीवानी, मी काय करू!" लिहिलं: दोन्ही डोळे.

यादीत पहिलं घर आमचंच. सकाळी घाईत, वेणी घालता घालता विचारलं, "मामाजी, दिसते ना बराबर?" ते आतून, "टकाटक!" लिहिलं: निरंक.

२३ ऑगस्ट, शनिवार

परीक्षा संपली, फोन केला, सांगून टाकलं. स्नेहा आधी रडली. मग विचारलं, "कुटार कोनं टाकलं?"

"मीच," म्हटलं. काहून म्हटलं, माझं मलाच ठाऊक नाही. मामाजी बाजूलाच बसले होते. संध्याकाळी त्यांनी विषय काढला.

"ऑपरेशनले नेला अन् डोळा तिथंच ठेवून आली तू."

"सडला होता मामाजी. काढाच लागला."

"तेच म्हन्तो मी. ऑपरेशन म्हन्लं का डोळा जाते."

मी ताटं घासायला घेतली. या माणसाशी वाद घालून कोण जिंकलंय!

२४ ऑगस्ट, रविवार

हे जऊळक्याहून सुटीवर आले. रेल्वेची ड्युटी, आठवड्यातून एक दिवस घर. चिवड्याला पाहून म्हणाले, "अरे, काना झाला हा!" आणि खो-खो हसले. मामाजी हसले नाहीत.

संध्याकाळी विहारात. वर्षावासाचं ग्रंथवाचन दरवर्षी मामाजींकडे असतं. खणखणीत आवाज, लोक कामं टाकून ऐकायला येतात. यंदा जगदेवभाऊ वाचतात, तेही अडखळत. मामाजी मागे भिंतीला टेकून. "घसा बसला," म्हणतात. घरी चिवड्यापुढे तासभर गप्पा हाणतात, तेव्हा बरा घसा चालतो!

चिवड्यानं आज आपणहून मेथीची दोन पानं खाल्ली. माझा जीव भांड्यात पडला.

२६ ऑगस्ट

आज भांडले. मंगरूळपीरला मीटिंग होती. दुपारचे थेंब मामाजींवर सोपवून गेले. चार वाजता येऊन पाहते तर थेंब नाकावर वाळलेले, मिशा चिकट आणि डोळा लालबुंद.

"टाकले ना दोन थेंब!" म्हणतात.

"नाकात टाकले तुमी! उरला तो डोळा बी घालवता का त्याचा? पह्यला तुमच्याच पायी गेला!"

बोलायला नको होतं. निघालं तोंडातून. मामाजी उठले, भिंतीला हात लावत लावत खोलीत गेले. जेवले नाहीत. मीही बोलवायला गेले नाही.

२७ ऑगस्ट

लाली कमी. चिवडा खातो आहे. मामाजी पिंजऱ्याकडे फिरकत नाहीत. ते खोलीत खाकरले तरी हा शिट्या मारायला लागतो. मी जवळ गेले की कोपऱ्यात. माझ्या हातात सिरिंज असते, त्याचं चुकत नाही.

२८ ऑगस्ट

डॉक्टरांना फोटो पाठवला. टाके सुकले. उरलेला डोळा वाचला! वजन ८५५.

मामाजींना जाऊन सांगितलं. परवाचं माफ करा म्हणायचं होतं, ते काही जमलं नाही. ते म्हणाले,

"डाव्या अंगानं धडकत नसन का तो?"

"नाही. मिशांनी अंदाज घेते. अन् जागा ठरेल आहेत ना त्याच्या. पानी तिथं, मेथी तिथं."

"हव. मंग हलवत जाऊ नको त्याच्या जागा," म्हणाले. "लय हाल होतात."

एवढं काय ते! पण झाडताना सरकवलेलं पाण्याचं भांडं मी परत होतं तिथे ठेवलं.

२९ ऑगस्ट

यादी पूर्ण, उद्या द्यायची. म्हणून दुपारीच घरी. पायातल्या चपला ओट्यावर काढल्या. मामाजी पडवीत, चिवडा मांडीवर, एक एक पान भरवत होते. बघून बरं वाटलं. दारातच उभी राहिले. चांगलं ऊन पडलं होतं.

मामाजींनी मान वर केली. सरळ माझ्या तोंडाकडे पाहिलं.

"कोन आहे?"

मध्ये दहा पावलंही नव्हती. तीन होती. म्हटलं, "मी, सुकेशनी. मामाजी, बोटं किती सांगा बरं?"

"तीन," म्हणाले. "टकाटक दिसते मले."

मी हात वर केलाच नव्हता.

पिशवीतून यादी काढली. पहिल्या ओळीतलं निरंक खोडलं.