प्रिन्सिपॉलसाहेबांच्या फजितीचा दगड

कल्याण, ४ ऑगस्ट १८८४
दगा! प्रिन्सिपॉलसाहेबांनी आणि त्यांच्या कौन्सिलने यंदाही मला परीक्षेला पाठवायचं नाकारलं. म्हणे गणित कच्चं. वर्षभर वाकून सलाम केले, त्याचं हे फळ. माझ्या दोस्ताला, महिपतलाही नाकारलं, पण त्याचं गणित खरोखरच कच्चं आहे. तुळसेच्या वडिलांनी बजावलंय, जावई परीक्षा पास झाल्याशिवाय पोरीला नांदायला पाठवणार नाही. म्हणजे हे कौन्सिल माझ्या संसारावरच ठाण मांडून बसलंय.

५ ऑगस्ट, सकाळी
रिझोल्यूशन: सूड. अर्जविनंत्या बंद. कॉलेजच्या आवारात या मंडळींचं स्मारक उभारणार. गावाबाहेर लढाईत पडलेल्यांचे वीरगळ आहेत, अगदी तसाच दगड. खाली गारद झालेले विद्यार्थी. मधे साहेब, गाढवावर, शेपटीकडे तोंड करून. वर झोपलेलं कौन्सिल. लोक हसून लोळतील, साहेब राजीनामा देतील, नवे साहेब मला बोलावून घेतील.

७ ऑगस्ट
महिपतने आमच्या देवापुढे बेलभंडारा उचलून शपथ घेतली, शेवटपर्यंत साथ. भाषण तोच करणार, माझा आवाज नाजूक आहे. असा मित्र मिळायला भाग्य लागतं.

१० ऑगस्ट
दगडू पाथरवटाला काम सांगितलं. आत्या म्हणाली, अरे गोविंदा, असला दगड मेलेल्या माणसाचा करतात, तुझा साहेब तर चांगला खाऊनपिऊन आहे. अगदी बरोबर! जिवंतपणीच श्राद्ध. ही खोच मला आधीच सुचली होती.

२४ ऑगस्ट
दगडूने गाढवाचा घोडा केला. जाब विचारला तर म्हणतो, दादा, वीर कदी गाढवाव बसतो का? माज्या बापानं तसा घडवला नाय, मी पन नाय घडवनार. साहेब सरळ बसलेत, छाती भरदार, हातात तलवार. झोपलेल्या कौन्सिलच्या जागी महादेवाची पिंड आणि चंद्रसूर्य. फार रागावलो. मग शांतपणे विचार केला. उघड टवाळी कोणीही करेल, ही सूक्ष्म आहे. शहाण्यांना कळेल. शिवाय मिशा हुबेहूब आल्यात.

७ सप्टेंबर
रविवार, कॉलेज बंद. गाडीतून दगड नेऊन चिंचेखाली उभा केला. वर धोतर पांघरवलं (माझं, चांगल्यातलं). उद्या अनावरण. मी चिंचेमागे राहणार. सेनापती आघाडीवर उभा राहत नसतो.

८ सप्टेंबर
महिपतने धोतर ओढलं. साहेब दगडाकडे बघत राहिले. आता हशा पिकणार म्हणून मी कान टवकारले, तर महिपत म्हणाला, विद्येच्या रणांगणावरच्या या वीरास आम्हा विद्यार्थ्यांचं हे अर्पण. टाळ्या! हेडक्लार्क साहेबांच्या कानाला लागला, बहुधा दगड मेलेल्यांचा असतो हेच सांगायला. साहेब म्हणाले, विलायतेत हयातीत स्मारक होणं हा फार मोठा मान. त्यांनी डोळे पुसले. महिपतचा हात हातात घेतला. मी ओरडणारच होतो, पण सेनापतीने जागा सोडायची नसते.
महिपतने चिंचेकडे एकदाही पाहिलं नाही. बेलभंडारा उचलला होता त्याने. माझ्या घरात.

११ सप्टेंबर
महिपतचं नाव परीक्षेला गेलं. त्याचं गणित आता कोणाला आठवत नाही.

१२ सप्टेंबर
साहेबांना भेटून सत्य सांगितलं. दगड माझा, कल्पना माझी. थट्टेचा भाग वगळला, याला मुत्सद्दीपणा म्हणतात. साहेबांनी महिपतला बोलावलं. तो म्हणाला, हो हो, गाडी गोविंदानेच हाकली, फार कष्टाळू आहे बिचारा. बिचारा! साहेब प्रसन्न झाले. परीक्षेचं पुढल्या साली पाहू म्हणाले, तूर्त स्मारकाची देखभाल माझ्याकडे. पत्करली. आतल्या गोटात शिरल्याशिवाय घाव घालता येत नाही.

१५ सप्टेंबर
तुळसेच्या वडिलांना कळलं. निरोप आला, तर मग तेही पुढल्या सालीच पाहतील.

२ ऑक्टोबर
पोरं येता-जाता दगडाच्या पाया पडतात. कोणीतरी शेंदूर फासला. घाव कधी घालायचा, याचा विचार चालू आहे.

१० नोव्हेंबर
महिपत आज परीक्षेसाठी मुंबईला निघाला. मी काथ्याने दगडावरचं शेवाळ घासत होतो. तो आला, नारळ वाढवला, डोळे मिटून बराच वेळ हात जोडून उभा राहिला. मला वाटलं, आता माझ्याकडे वळेल. चुकलो रे, एवढंच म्हणेल. मी माफ करायला तयार होतो. खरंच होतो.
वळला. म्हणाला, खोबऱ्याला मुंग्या लागतील, पाणी मारून घे.
पाणी मारलं.